पहिली चित्रगोधडी आणि कात्रीची भीती

कागदावर चित्र काढण्याची भीती आणि कापडाला कात्री लावण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्सिलीची रेघ खोडता येते, कागद बदलता येतो आणि मनासारखे न झालेले चित्र कोणाला न दाखवता बाजूला ठेवता येते. कापड मात्र एकदा कापले की कापलेलेच राहते, आणि ते आजीने नेसलेले लुगडे असेल तर दुसरे आणायचे कुठून, हा प्रश्न कात्री हातात घेण्याआधीच समोर उभा राहतो. गोधडीच्या रीतीने, थरांवर थर शिवून, भिंतीवर टांगण्याजोगे एक चित्र करावे ही इच्छा माझ्या मनात बरीच वर्षे होती. त्यासाठी ट्रंकेत कापड साठवलेले होते, शिवणाचा हात होता, वेळही काढता आला असता. तरी काम सुरू होत नव्हते. ते कसे सुरू झाले आणि कसे पुरे झाले हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ज्यांना शिवण उत्तम येते पण स्वतःचे काही करायचे म्हटले की ज्यांचा हात थांबतो अशा अनेक जणी मला भेटतात, आणि त्यांना नुसता धीर देण्यापेक्षा कामाचा तपशील सांगितलेला जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे.

माझे माहेर अकोले तालुक्यातले. आमच्या घरी उन्हाळ्यात गोधड्या शिवल्या जात. खाली एक धडके लुगडे, त्यावर विरलेल्या कापडांचे थर, वर पुन्हा एक बरे लुगडे, आणि या सगळ्याला कडेपासून आत जाणारा धावदोरा, अशी आईची पद्धत. मीही तिच्या शेजारी बसून टाके घालायला शिकले, आणि त्या कामात मला कधीच कसली भीती वाटली नाही. याचे कारण मी पुष्कळ उशिरा शोधले. गोधडीत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. लांबी पांघरणाऱ्याच्या उंचीवरून ठरते, रंग घरात जे कापड असेल त्यावरून ठरतात, आणि टाक्याची ओळ आधीच्या ओळीला समांतर जाते. चित्रात यातले काहीच ठरलेले नसते. म्हणजे मला सुईची भीती नव्हती, कापडाचीही नव्हती. ज्यांचे उत्तर मलाच द्यायचे होते त्या प्रश्नांची होती.

हे लक्षात आल्यावर मी ते प्रश्न वहीत लिहून काढले. मला चित्र काढता येत नाही. कापड वाया जाईल. रंग एकमेकांशी जमणार नाहीत. आणि झाल्यावर लोक म्हणतील की हे ना धड पांघरूण, ना धड चित्र. मनात असताना ही सगळी मिळून एकच मोठी भीती वाटत होती; कागदावर आल्यावर दिसले की या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, एकीचा उपाय दुसरीला लागू पडणार नाही, आणि यातल्या तिघींचा उपाय धैर्यात नसून कसबात आहे.

शेवटच्या भीतीचा निकाल वाचनाने लागला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाईने कापडाच्या आकृत्या कापून, त्या दुसऱ्या कापडावर शिवून, चित्रांच्या गोधड्या केल्या, आणि त्यांतल्या दोन आज उरल्या आहेत. त्यांतली पहिली, बायबलमधल्या प्रसंगांची, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि दुसरी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात. या दुसऱ्या गोधडीत तिने बायबलमधल्या कथांच्या शेजारी १८३३ सालचा प्रचंड उल्कावर्षाव शिवला आहे. तो तिच्या जन्माच्या आधीचा; थोरांच्या तोंडून ऐकलेला. तिच्या माणसांना नाकडोळे नाहीत, हात नुसते दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत, प्राणी कोणते ते कधीकधी ओळखू येत नाही, आणि तरीही आकाशातून तारे कोसळताना माणसे किती घाबरली असतील हे त्या चौकटीकडे पाहताना समजते. पहिली गोधडी तिला पुढे गरजेपोटी विकावी लागली, तीही पाच डॉलरला. या हकिकतीने मला जे दिले ते कौतुकाच्या चार शब्दांनी मिळाले नसते. हाताला जेवढे येते तेवढ्यात सांगायचे ते सांगता येते, याचा पुरावाच तिथे समोर होता.

भिंतीचे म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुन्या घरगुती गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या, तेव्हापासून त्या भिंतीवर शोभतात की नाही हा वाद तिकडे मागे पडला. आणि आपल्याकडे आंबेजोगाईला तर संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात वेदान्तावरचा अख्खा ग्रंथ लिहून ठेवला. पांघरायच्या कापडाने विचार आणि चित्र वाहून न्यावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही, हे मला यातून पटले आणि चौथा प्रश्न मी वहीत खोडला.

उरलेल्या तिघींसाठी हात चालवणे भाग होते.

विषय निवडताना मी मुद्दाम असा निवडला की ज्यात माझी न येणारी गोष्ट कमी लागावी. माणसे, जनावरे, घरे यांना रेखाटन लागते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मात्र मला लहानपणापासून ठाऊक होता. पाचनईकडून चढून गेले की त्याच्या काठाशी पोटावर पडून खाली पाहायचे, अशी आमची पद्धत. तो अर्धगोलाकार आत वळलेला कडा म्हणजे आडव्या थरांची रास आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत आणि थिजत गेले, त्यातून दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचे कडे घडले. कठीण थर पुढे राहिले, ठिसूळ थर झिजून आत गेले, आणि सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी दोन लोटांच्या मधे विटकरी मातीची बारीक पट्टीही दिसते. आडव्या पट्ट्या कापून एकीखाली एक लावणे मला येत होते. आडवा धावदोरा तर हातात बसलेलाच होता. जे करायचे त्याची बांधणी आणि जे येते त्याची बांधणी इतकी जवळ असलेला विषय सापडल्यावर 'मला चित्र काढता येत नाही' या वाक्यातला जोर बराच कमी झाला.

याच कड्यावरून इंद्रवज्र दिसते, म्हणजे खालच्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्यात पाहणाऱ्याची सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ साली ते पाहिल्याची नोंद आहे. ते चित्रात घ्यावे असा मोह मला झाला आणि मी तो आवरला. रंगीत वर्तुळ एकदा कापडावर आले की डोळा तिथेच जाऊन बसतो आणि कडा नुसता मागचा पडदा होतो. मला कडाच हवा होता.

आकारही माझ्या हाताच्या ओळखीचा घेतला. पाळण्यातल्या बाळासाठी जे दुपटे शिवतात तेवढा, म्हणजे रुंदी तीस इंच आणि लांबी चाळीस इंच. दुपट्याला किती दोरा लागतो, मध्यापर्यंत हात कसा पोचतो, मांडीवर ते किती जड होते, हे मला माहीत होते. नवशिक्या माणसाला पुष्कळदा अगदी लहान आकार घ्यायला सांगतात, पण लहान आकारात प्रत्येक पट्टी बोटभर होते, कडा दुमडायला जागा उरत नाही आणि काम उलट अवघड होते, असे माझे मत आहे.

मग कापड. इथे मी घाई केली नाही, आणि हा टप्पा मला सर्वांत आवडला. जुने सुती कापडच घ्यायचे असे ठरवले, कारण धुऊन धुऊन त्याचे आटणे संपलेले असते आणि सुई त्यातून सहज जाते. खाली पाया म्हणून मांजरपाट घेतला. तो नवा असल्याने आधी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच मोजला. कोरा मांजरपाट तसाच वापरला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि वरचे सगळे कापड चुण्या खाते. गडद रंगाच्या प्रत्येक कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिला. ज्यांचा रंग उतरला ती बाजूला ठेवली, मग ती कितीही सुंदर असोत. इरकल लुगड्याचे अंग सुती असते पण पदर रेशमी, त्यामुळे पदर आणि अंग यांना एकाच इस्त्रीची ऊब आणि एकाच दोऱ्याचा ताण मानवत नाही. म्हणून पदर पूर्ण बाजूला काढला. राखाडी आणि काळपट छटा वडिलांच्या जुन्या सदऱ्यांतून मिळाल्या, तपकिरी रंग एका विटलेल्या चादरीतून, विटकरी पट्टीसाठी आजीच्या लुगड्याचा काठ, आणि कड्याच्या माथ्यावरच्या कारवीसाठी जांभळ्या खणाचा एक तुकडा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षी डोंगराचे उतारच्या उतार जांभळे-निळे होतात; ते एक वर्ष मी पाहिलेले होते.

सगळे कापड रंगांप्रमाणे न लावता उजेड-अंधाराप्रमाणे लावायचे, हे मी एका चित्रकार मैत्रिणीकडून शिकले. तिने सांगितलेली युक्ती अगदी साधी आहे: तुकडे शेजारी शेजारी मांडायचे, मोबाइलवर छायाचित्र काढायचे आणि ते कृष्णधवल करून पाहायचे. रंग निघून गेले की कोणते कापड खरोखर गडद आहे आणि कोणते नुसते भडक आहे ते कळते. माझा जांभळा खण, जो डोळ्यांना इतका उठून दिसत होता, तो कृष्णधवल चित्रात शेजारच्या राखाडी सदऱ्यात पूर्ण विरून गेला. म्हणजे त्याला उठाव द्यायचा तर त्याच्याखाली फिकट कापड हवे. रंग जमणार नाहीत ही जी धास्ती मी एवढी वर्षे बाळगली होती, तिचा मोठा भाग या एका तपासणीने संपला. उजेड-अंधार नीट बसला की रंगांमध्ये पुष्कळ मोकळीक घेता येते.

चित्र मी लहान कागदावर काढून मोठे केलेच नाही. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून दुपट्याच्या मापाचा एक कागद केला, तो भिंतीला लावला आणि कोळशाने, उभे राहून, खांद्यापासून हात फिरवून कड्याच्या रेषा ओढल्या. सरळ आडव्या रेषा ओढल्या की समोर भिंत दिसते. कड्याची आत वळलेली खोली दिसण्यासाठी त्या रेषा दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली झुकलेल्या हव्यात, आणि जसजसे खाली जावे तसतशा जवळजवळ याव्यात. हे मी पाठ करून ठेवलेले नव्हते. कोळशाच्या रेघा पुसून पुन्हा ओढता ओढता ते हाताला समजत गेले. वर्तमानपत्राच्या रद्दीवर काम करण्याचा फायदा असा की त्या कागदाचा कोणी मान ठेवत नाही, त्यामुळे हात मोकळा राहतो.

आजीचे लुगडे कापायची वेळ आली तेव्हा मात्र मी कात्री घेऊन बराच वेळ बसून राहिले. आई भाजी निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कात्री कशाला? सुती आहे ना? फाड की." मी म्हटले, "अगं, चित्रासाठी आहे हे." त्यावर ती म्हणाली, "कापडाला काय कळतंय चित्र का पांघरूण ते? सुतात जाईल तिथं जाईल." तिने काठाजवळ कात्रीने बोटभर चीर दिली, दोन्ही हातांत दोन बाजू धरल्या आणि एका झटक्यात लुगडे आडवे फाडले. सुती कापड विणीच्या धाग्याला धरून फाटते, त्यामुळे पट्टी खडूने आखून कापलेल्या पट्टीपेक्षा सरळ निघाली. कडेला दोन-तीन धागे सुटले होते, आणि ती फेसाळ कडा काताळाच्या तुटक्या कपारीसाठी मला हवी तशीच होती. त्यानंतरच्या सगळ्या सरळ पट्ट्या मी फाडूनच काढल्या. जिथे वळण हवे होते तिथे कापड तिरके धरून कापले, शिंपी जिला क्रॉस पट्टी म्हणतात तशी, कारण तिरक्या कापडाला ताण मिळतो आणि ते चुणी न पाडता वळते.

आईच्या त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझी भीती आजीच्या स्मृतीशी जोडलेली होती, आणि आजी स्वतः जुनी लुगडी फाडूनच गोधड्या करत आली होती. ट्रंकेत घडी घालून ठेवलेले लुगडे घडीवर विरते आणि शेवटी घडीवरच फाटते. ते तसे जपणे आजीला उधळपट्टी वाटली असती. पण हे कळण्यासाठी कापड फाटल्याचा आवाज कानावर पडावा लागला.

तरीही प्रत्येक नवी गोष्ट मी आधी हातरुमालाएवढ्या तुकड्यावर करून पाहिली. कडा दुमडून शिवली तर कशी दिसते, फेसाळ ठेवून वरून धावदोरा घातला तर कशी, दोन थर मधे घेतले तर टाका किती खोल बसतो, पांढरा दोरा काळ्या कापडावर किती ओरडतो. हे तुकडे कुठेही लागणार नव्हते, त्यामुळे त्यांत मी जे केले ते निर्धास्तपणे केले, आणि चित्रगोधडीतल्या ज्या दोन-तीन जागा लोक आज जवळ जाऊन पाहतात त्या मुळात या तुकड्यांतच सापडलेल्या आहेत. धुक्याची जागा त्यांतली एक. कड्याच्या तळाशी कोकणातून वर चढणारे धुके कसे दाखवायचे हे मला सुचत नव्हते. वापरून विरलेल्या लुगड्यात गुडघ्याजवळचा भाग इतका झिजतो की त्यातून बोटे दिसतात. तो भाग गोधडीतही आतल्या थरातच घालतात. मी तोच वर घेतला. हिरव्या कापडावर त्याचा एक थर ठेवला तर हिरवा फिकटला, दोन ठेवले तर झाडे अर्धी लपली, तीन ठेवले तर दरीच उरली नाही. शेवटी एकापासून तीनपर्यंत थर सरकवत नेले, आणि धुके आपोआप दाट होत गेले.

सगळे तुकडे कागदाबरहुकूम मांजरपाटावर टाचल्यावर कच्चा टाका घालायचा असतो. आमच्या गोधडीत टाका कडेपासून सुरू होतो आणि फेऱ्यांनी मध्याकडे जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या सिद्दी बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कोपऱ्यापासून शिवत आत जातात, तुकडे शिवता शिवताच लावतात, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले बसवतात. त्या फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, त्यांतले बरेच पोर्तुगीज गोव्यामार्गे इथे आले. कवंदीत चित्र आधी ठरत नाही. शिवत जाल तसे ते उमटते. माझे चित्र आधी ठरलेले असल्यामुळे मला उलट करावे लागले. कडेकडून आत गेले असते तर मध्यावर कापडाचा फुगा जमला असता आणि कड्याचा ऐन पोटाचा भाग सरकला असता. म्हणून सतरंजीवर सगळे अंथरून, कडांना पाटे ठेवून, मध्यापासून चारी दिशांना लांब लांब कच्चे टाके घातले. हे टाके नंतर काढून टाकायचे असतात. ज्याला चुकण्याची धास्ती वाटते त्याने या पायरीवर भरपूर वेळ द्यावा असे मी आवर्जून सांगेन, कारण इथे सगळे उसवता येते, आणि उसवल्याची खूणही राहत नाही.

पक्क्या धावदोऱ्याचे काम पावसाळ्यात सुरू झाले. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. मधल्या बोटात टोपण घातल्याशिवाय इतक्या थरांतून सुई ढकलता येत नाही. कठीण काताळाच्या थरांवर टाके दूर आणि ओळी विरळ ठेवल्या, म्हणजे तो भाग फुगून पुढे येतो. ठिसूळ थरांवर ओळी अगदी जवळजवळ घातल्या, म्हणजे तो भाग दबून आत जातो. डोंगर जसा झिजला तसेच कापड टाक्याने झिजवता येते हे जेव्हा मला प्रत्यक्ष बोटांखाली जाणवले तेव्हा मी इतकी आनंदले की घरातल्या प्रत्येकाला बोलावून त्या जागेवरून हात फिरवायला लावला. चित्रकाराच्या रंगाला ही सोय नाही.

याच्या पुढचा टप्पा मात्र कठीण गेला, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. अर्धे काम झालेली गोधडी फार कुरूप दिसते. शिवलेला भाग आक्रसलेला आणि सुरकुतलेला, न शिवलेला भाग सैल आणि पोकळ, मधे कच्च्या टाक्यांचे पांढरे दोरे, आणि चौकोनाचा कुठलाच कोपरा काटकोनात नाही. सुरुवातीची जी भीती संपली असे मी समजत होते ती या अवस्थेत वेगळ्या रूपात परतली. आता ती 'येणार नाही' असे म्हणत नव्हती, 'हे पुरे करण्याच्या लायकीचे नाही' असे म्हणत होती. ही दुसरी भीती जास्त फसवी आहे, कारण ती चोखंदळपणाचे सोंग घेऊन येते. मला तिच्यातून दोन गोष्टींनी बाहेर काढले. एक म्हणजे कारण समजून घेणे: दाट टाक्याने कापड आखडते हे कापडाचे धर्मच आहेत, आणि सगळीकडे टाके पडेपर्यंत ताण सारखा होत नाही, म्हणून मधल्या अवस्थेवरून शेवटाचा अंदाज बांधताच येत नाही. दुसरी म्हणजे रोज कुठे शिवायचे हे आदल्या संध्याकाळीच खडूने आखून ठेवणे. सकाळी बसल्यावर निर्णय घ्यायचा नाही, फक्त आखलेली ओळ पुरी करायची. निर्णय आणि टाका या दोन गोष्टींची वेळ वेगळी ठेवली की मन मधे मधे लुडबुडत नाही.

कारवीचा जांभळा सर्वांत शेवटी लावला. बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिकडच्या गोधडीत, पूर्वी जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत धागे ओढून काढून त्यांनीच भरतकाम करत. तसे मी इरकलच्या काठातून काही धागे काढले. ते जुने असल्याने लांब टाक्याला तुटत होते, पण फुलांसाठी आखूड आखूड टाकेच हवे होते, तिथे ते पुरले.

कडा सरळ करून, मांजरपाट मागून पुढे दुमडून काठ शिवला. मागच्या बाजूला वर चार इंच रुंदीची कापडी नळी शिवली, जिच्यातून काठी जाते. खिळ्यांनी कोपरे टांगले तर वजनाने मधला भाग लोंबतो आणि चित्र वाकडे होते. मागच्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा लावून त्यावर कोणते कापड कोणाचे आहे ते दोऱ्याने लिहिले. थेट ऊन येत नाही अशी भिंत निवडली.

गावातल्या बायकांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी काय केले ते सांगण्यासारखे आहे. बहुतेकींनी आधी कोपरा उलटून पाठ पाहिली. टाका मागच्या बाजूला सारखा पडला आहे का, गाठी दिसतात का, हे त्यांनी तपासले, आणि मग पुन्हा समोर येऊन कडा पाहिला. एकीने माथ्यावरच्या जांभळ्यावर बोट ठेवून "कारवी का?" असे विचारले. शेजारच्या काकूंनी धुक्याचे थर मोजले आणि त्यांच्याकडे असलेले एक विरलेले धोतर मला आणून दिले. ना पांघरूण ना चित्र, असे कोणीही म्हणाले नाही. म्हणाले असते तरी आता मला त्याला उत्तर देता आले असते, कारण प्रत्येक टाका तिथे का आहे हे मला ठाऊक होते.

भीती संपली का, असे मला विचारतात. या कामापुरती संपली. दुसऱ्या चित्रगोधडीत मला उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर गोधडी अंथरून तिच्या चारी बाजूंनी बसलेल्या बायका करायच्या आहेत, आणि माणसाच्या चेहऱ्याची मला खरीखुरी धास्ती वाटते. अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी त्यांची पहिली गोधडी १९८० साली त्यांच्या आई विली पोझी यांच्यासोबत केली. पोझी व्यवसायाने कपड्यांच्या रचनाकार होत्या. त्या गोधडीवर हार्लेममधल्या माणसांचे तीस चेहरे आहेत, आणि ते रिंगगोल्ड यांनी कापडावर रंगवलेले आहेत. मला रंगवता येत नाही, तेव्हा तो मार्ग माझा नाही. पॉवर्ससारखे चेहरे कोरे ठेवावेत आणि बसण्याच्या ढबीवरूनच कोण आहे ते ओळखू यावे, असा माझा विचार चालला आहे. ओसरीवरच्या बायका तशाही मान खाली घालून शिवत असतात, त्यांचे चेहरे पदराआड असतात. रद्दीच्या कागदावर कोळशाने पाठीच्या बाकाच्या रेघा ओढायला मी सुरुवात केली आहे. आई मात्र म्हणते की तिचे नाक दिसलेच पाहिजे.